सिमेंटमधला मी, करावे चौकातली ती

मी नवी मुंबईत एका बाईशेजारी पंचवीसेक वर्षं भर चौकात उभा होतो, आणि ही गोष्ट माझ्या बायकोला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होती.

दचकू नका. उभा होता तो सिमेंटचा मी. हाडामांसाचा मी वाईला होतो, बँकेत खिडकीमागे बसत होतो आणि संध्याकाळी नाटक मंडळात तलवारी नाचवत होतो. आमचा मित्र बापू मूर्तिकार. नदीकाठी त्याची पत्र्याची शेड होती. गणपतीच्या दिवसांत गणपती करायचा, एरवी जे काम मिळेल ते. एके दिवशी त्याला एक मोठं काम मिळालं. तिकडे खाडीकाठी नवं शहर वसतंय, त्यातल्या करावे गावाच्या चौकात कोळी आणि कोळीण उभी करायची आहे. बापूने समुद्र पाहिला नव्हता. कोळी तर दूरच. पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

कोळ्यासाठी त्याने मला पकडलं. का, तर माझ्या पोटऱ्या बऱ्या होत्या आणि मला हलल्याशिवाय उभं राहता यायचं. तीन अंकी ऐतिहासिक नाटकात मी तिन्ही अंक भालदार म्हणून उभा राहिलेलो होतो, एकही वाक्य नव्हतं. कोळीण झाली नलू. ती आमच्याच मंडळातली. तिचं काय वर्णन करू? ती विंगेतून आत आली की प्रॉम्प्टर पान उलटायचं विसरायचा.

पंधरा दिवस, रोज दुपारी दोन तास, आम्ही दोघं त्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभे राहिलो. मी जाळं फेकणारा, ती कमरेवर पाटी घेतलेली, दुसरा हात माझ्या खांद्यावर. बापू मातीत हात घालून आम्हाला शिव्या देत होता. मी काय काय बोलायचं ठरवून जायचो! आणि बोललो काय? "आज उकडतंय." पंधरा दिवसांत मी हे वाक्य निदान वीस वेळा बोललो असेन.

मग पुतळे ट्रकमध्ये चढून गेले. त्याच उन्हाळ्यात नलूचं लग्न होऊन ती इंदूरला गेली. दोन वर्षांनी माझं सुमनशी झालं. पुढे ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात, बारशात, अगदी एका तेराव्यालासुद्धा रंगवून सांगितली, आणि सुमन बाजूला बसून माझ्या चुका दुरुस्त करत राहिली. "तेरा नाही हो, पंधरा दिवस. मागच्या वेळी पंधरा होते."

पण बघायला मात्र मी कधी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. खरं सांगायचं तर न बघण्यात एक सोय होती. जगात एका ठिकाणी आम्ही दोघं शेजारी उभे आहोत, ऊन-वारा खात, कुणाच्या अध्यात ना मध्यात, एवढं मनाशी असलं की वाईच्या बँकेतली दुपार बरी जायची.

बापू तीन वर्षांपूर्वी गेला. आणि या जानेवारीत माझ्या साडूचा, रमाकांतचा फोन आला. तो कोपरखैरण्याला राहतो. बोलता बोलता म्हणाला, "अण्णा, इकडचे चौक सगळे नवीन करतायत. जुने पुतळे काढून दुसरे बसवतात. तुमचं ते काय होतं, बघायचं असेल तर लवकर या."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सुमनने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "चला. एकदा त्या बाईला बघून येऊ. दोघं शेजारी दिसली की तुमच्या जिवाला शांतता, आणि माझ्या कानाला."

मला तेवढंच हवं होतं. दोघांना एकदा शेजारी शेजारी बघायचं.

कोपरखैरणे

रमाकांत पंचवीस वर्षं या शहरात आहे, पण शहर दाखवायला निघालेला माणूस इतका कोरा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. त्याला सेक्टर पाठ. कुठल्या सेक्टरमध्ये कुठला दवाखाना, कुठे पार्किंग मिळतं, कुठल्या सिग्नलला किती थांबायचं, सगळं तोंडपाठ. पण "हा पुतळा कुणाचा?" म्हटलं की तो गाडीची काच खाली करून माझ्याइतक्याच नवलाईने बघायचा.

"अरे हो की! हा कधी बसवला?"

"तू रोज इथून जातोस ना?"

"जातो म्हणजे काय अण्णा, सिग्नल बघतो. पुतळे बघत बसलो तर मागचा ठोकेल."

आमच्याकडे पुतळा म्हणजे गंभीर प्रकरण. उंच चौथरा, भोवती लोखंडी साखळी, गळ्यात हार, वर्षातून एकदा भाषण. पुतळ्याने बोट दाखवायचं आणि आपण त्या दिशेला न बघता एसटी पकडायची. इथे मात्र चौकातून चौकात माशांची, पक्ष्यांची, भल्यामोठ्या फुलांची वस्ती. एका ठिकाणी भंगारातल्या लोखंडाचा एक प्राणी केलेला होता. नटबोल्टांचे डोळे, सायकलच्या चेनची शेपटी. रमाकांत म्हणाला बैल, सुमन म्हणाली घोडा. खाली उतरून पाहिलं तर चौथऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी त्याला नमस्कार केला. जो कोण असशील तो, म्हटलं, भंगारातून उठून उभा राहिलास, शाबास.

आणि भिंती! उड्डाणपुलाखालचे खांब, शाळांची कुंपणं, नाल्याच्या कडेचे कठडे, काही म्हणून कोरं सोडलेलं नाही. वारली बायका फेर धरून नाचतायत, पुढच्या खांबावर कुणीतरी योगासन करतंय, त्याच्या पुढे कचऱ्याचे दोन डबे एकमेकांकडे बघून हसतायत. आमच्याकडे भिंतीवर हसणारं काही असेल तर ते उमेदवाराचं तोंड. मी प्रत्येक खांबापाशी "थांब, थांब" ओरडत होतो. शेवटी रमाकांतने मला मागच्या सीटवर बसवलं आणि पुढे सुमनला घेतलं.

रात्री मेहुणी शोभाने कोंबडीवडे केले होते. जेवताना तिने विचारलं, "भाऊजी, समजा तो पुतळा नसलाच तर?"

सुमनने तिच्याकडे असं बघितलं की तिने घाईने मला आणखी दोन वडे वाढले.

पाम बीच रस्ता आणि एक चप्पल

दुसऱ्या दिवशी मुद्दामच मी करावे लांबवलं. आधी बाकीचं शहर बघू म्हटलं. सुमनने ओळखलं. "नाटकात एंट्री घ्यायच्या आधी तुम्ही असेच दहा वेळा लघवीला जायचात," एवढंच म्हणाली.

पाम बीच रस्त्यावर रोहित पक्ष्यांचं राज्य आहे. खरे पक्षी खाडीत आणि खोटे रस्त्याकडेला. गुलाबी, एका पायावर उभे, माना वळवून. सिमेंटचे, फायबरचे, पत्र्याचे, कुंपणावर रंगवलेले. नेरूळच्या बाजूला गाडी लावून आम्ही तळ्याकाठच्या पायवाटेवर गेलो. आणि तिथे खरे होते! शेकड्यांनी. सगळ्यांच्या माना पाण्यात. दुरून वाटावं, कुणीतरी गुलाबी रुमाल धुवून वाळत घातलेत. एकाने पंख उघडले तेव्हा आतला लाल-काळा रंग दिसला आणि माझ्या तोंडून मंडळातली जुनी दाद निघाली, "वन्समोअर!"

जवळच्या झुडपातून कॅमेरेवाले दोघे उठले आणि माझ्याकडे रागाने बघू लागले.

आणखी जवळून बघावं म्हणून मी काठाच्या चिखलात एक पाऊल टाकलं. एकच. चिखलाने पाऊल परत दिलं, चप्पल ठेवून घेतली. अस्सल कोल्हापुरी, दिवाळीत घेतलेली. मी काठीने टोकरलं, रमाकांतने पँट वर करून प्रयत्न केला, पण खाडीने ती गिळली ती गिळलीच.

"जाऊ दे अण्णा, टेन्शन नका घेऊ. कुठल्यातरी पक्ष्याला होईल," रमाकांत म्हणाला.

"एका पायावर उभं राहणाऱ्याला एकच लागते," सुमन म्हणाली.

पुढचं सगळं शहर मी रमाकांतच्या गाडीतल्या रबरी सपाता घालून पाहिलं. नेरूळच्या एका बागेत जगातली सात आश्चर्यं लहान करून ठेवली आहेत. मी सपाता फटफटवत ताजमहालाला प्रदक्षिणा घातली आणि त्याचा कळस चिमटीत धरल्याचा फोटो काढून घेतला. तो सगळेच काढतात, मीही काढला, लाज कसली? बेलापूरला पालिकेची ती पांढरीशुभ्र घुमटाची इमारत आणि त्यापुढचा उंच ध्वज बघताना मान मागे गेली आणि टोपी पडली. त्याच बेलापुरात किल्ल्याचा जुना बुरूज आहे. झाडांच्या मुळांनी त्याचे दगड पोटाशी धरलेले आहेत. तिथे कुणी नव्हतं. वारा खाडीकडून येत होता. एवढ्या नव्या, रंगवलेल्या, आखलेल्या शहरात हा एक म्हातारा कोपऱ्यात गप्प बसला होता.

मी त्याच्याशेजारी बराच वेळ बसलो. सुमन खालून ओरडली, "आता पुरे. करावे किती लांब आहे रे रमाकांत?"

"दहा मिनिटं."

मी खाली उतरलो आणि म्हटलं, आधी चहा घेऊ.

करावे

तरीही आम्ही गेलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी, गुरुवारी. सीवूड्सच्या उंच इमारती मागे पडतात आणि एका वळणावर रस्ता एकदम बारीक होतो. घरं एकमेकांच्या अंगावर रेलतात, दारांसमोर जाळी वाळत असतात, सुकटीचा वास येतो. गावाच्या तोंडाशी चौक. चौकात गोल कठडा. आणि कठड्याच्या मध्यभागी ती.

मी तिला गाडीतूनच ओळखलं. रंग किती चढले होते तिच्यावर! साडी भडक हिरवी, ओठ लाल, डोळे काळ्या रंगाने लांब काढलेले. पण हनुवटी तीच. विंगेतून आत यायच्या आधी एक श्वास घेऊन ती हनुवटी जरा वर करायची, तशीच. बापूला समुद्र ठाऊक नव्हता, पण ही हनुवटी त्याला बरोबर ठाऊक होती. मी गाडीतून उतरलो. सुमनने माझा दंड धरला.

मग तीच हळूच म्हणाली, "अहो, पण शेजारी तुम्ही नाही."

खरंच मी नव्हतो. शेजारी दुसराच होता! तुकतुकीत, फायबरचा, नवाकोरा. दंडावर बेटकुळ्या, मिशांना पीळ, डोक्यावर लाल टोपी. झोकात जाळं फेकत होता. आणि नलूचा हात, जो पंधरा दिवस माझ्या खांद्यावर होता, तो त्याच्या खांद्यावर होता.

मी कठड्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला आवाज आला.

"दादूस, काय शोदताव? मगासपासून बाईकडं बघून र्‍हायलाव."

कठड्याच्या सावलीत एक बाई सुकी मासळी घेऊन बसली होती. साठीची, ताठ, केसांत अबोलीचा गजरा. तिचं नाव जनाबाय. मी म्हटलं, "मावशी, हिच्या शेजारी आधी दुसरा कोळी होता ना?"

"व्हता. काडला त्याला."

"रस्त्याच्या कामात?"

"रस्त्याचं निमित्त जालं. आमचे गावालाच नको व्हता. बिनकामाचा."

रमाकांत खोकला. सुमन कठड्यावर बसली. पुढचं नीट ऐकायचं होतं तिला.

"बिनकामाचा म्हणजे?" मी विचारलं.

"घाटी व्हता तो!" जनाबायने हातातला सुका बोंबील माझ्यावर रोखला. "नाकडोला बरा व्हता, मी खोटा नाय बोलनार. पन जाला कसा टाकत व्हता! हाताला दोरी नाय! जाल्याची दोरी मनगटाला बांदतान, मंग फेकतान. ह्याचा मनगट मोकला. पयल्याच फेकीला जाला जाल खाडीन आनि हा काठावर बोंबलत बसल. माजा सासरा रोज त्याला शिव्या घालून मंग होडीवर जायचा. पोरां हसायची. परगावची मानसां इचारायची, तुमचे गावान असाच मासं मारतान काय?"

"आणि ही बाई? ती पण घाटीच असेल की."

"पदर घाटी व्हता. तो तासला आमी, आमचे बायकांसारकी साडी करून घेतली. पन तोंडाला हात नाय लावू दिला कोनाला. असा तोंड कोन बदलल? नारली पुनवंला आमी तिला नवी साडी नेसवतो, बांगड्या भरतो. आता आमचीच हाय ती."

"नवरा बदलून दिलात तिला?"

"मंग? ती तिचे जाग्यावर बरोबर उबी व्हती. तिचा काय दोस?"

सुमनला आता राहवेना. पदर तोंडाला लावून ती हसत सुटली होती. हसता हसताच म्हणाली, "मावशी, तो बिनकामाचा हाच."

जनाबायने मला रबरी सपातांपासून टकलापर्यंत निरखलं. दोनदा निरखलं.

"ह्यो?" ती म्हणाली. "तवा पोट नव्हता."

आता मी तुम्हाला ते सांगतो, जे मी एवढ्या वर्षांत कुठल्याच लग्नात सांगितलं नव्हतं. जनाबायने आग्रहाने घरी नेलं, ओटीवर बसवलं, निवट्यांचं लालभडक कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. सुमनचा गुरुवार, तिने नुसती भाकरी आणि चहा घेतला. मी कालवण भुरकत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तिखटाने येत होतं असं मी सगळ्यांना सांगितलं. मग मी ताट खाली ठेवलं आणि सुमनला म्हटलं, "दोरी होती."

"कुठली दोरी?"

बापू अगदीच अडाणी नव्हता. नदीवरच्या एका भोयाला विचारून आला होता तो. जाळ्याची दोरी मनगटाला असते हे त्याला कळलं होतं. शेवटून दुसऱ्या दिवशी त्याने नलूला सांगितलं, जरा त्याच्या हाताला ही दोरी बांध गं, माझे हात मातीचे आहेत. नलू दोरी घेऊन जवळ आली. तिने माझा हात हातात घेतला. आणि तीन अंक भाला धरून न हललेला मी, माझा हात असा थरथरायला लागला की दोरीची गाठ बसेना. तिने वर बघितलं. थांबली. बोलायची पाळी माझी होती.

"मग?" सुमनने विचारलं.

"मी बापूला ओरडून सांगितलं, दोरी टोचते रे, राहू दे. लोकांना काय कळतंय?"

रमाकांतने भाकरीचा तुकडा तोडला आणि तसाच धरून ठेवला. जनाबाय सुमनकडे बघत होती.

सुमनने चहाचा कप बशीत ठेवला. "म्हणजे," ती म्हणाली, "तुम्हाला ती दोरी टोचली म्हणून माझं लग्न झालं."

जनाबाय एवढ्या मोठ्याने हसली की शेजारच्या ओटीवरचा जाळं विणणारा म्हातारा सुई टाकून उठला.

निघताना ती चौकापर्यंत सोडायला आली, तेव्हा मी धीर करून विचारलं, "मावशी, त्या पहिल्याला फोडला का?"

"फोडल कोन? पुतला हाय, पाप लागल. कोपरखैरन्याचे बागेन दिला म्हंतान. त्या बागेन कोली नाय, खाडी नाय. कोनाला कलनार?" मग ती कोळिणीच्या पुतळ्याच्या हाताकडे बोट दाखवत म्हणाली, "तोडताना तेवडा बाईचा हात मनगटातून गेला. तो नवा लावला. बाकी सगली जुनीच."

रमाकांतने गाडी काढली. सिग्नलला थांबला तेव्हा त्याने मान न वळवता विचारलं, "अण्णा, तो दोन्ही हात पुढे केलेला आहे का? चॉकलेटी रंगाचा? खाली हिरवा लंगोट?"

"असेल. का रे?"

"आमच्या बागेत एक आहे." त्याने गिअर टाकला. "सहा वर्षं मी सकाळी चालायला जाताना त्याच्या हातात पिशवी अडकवतो."

पुन्हा कोपरखैरणे

बाग लहान आहे. चार बाजूंना चार-चार मजली घरं, गॅलऱ्यांत वाळणारे कपडे, मध्ये हिरवळीचा तुकडा, भोवती चालायची गोल वाट. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी सातला पोचलो तेव्हा वाटेवर गर्दी होती आणि कोपऱ्यातल्या आंब्याखाली मी उभा होतो.

जाळं गेलेलं होतं. कधी तुटलं कोण जाणे. नुसतेच दोन हात पुढे करून उभा, काहीतरी मागितल्यासारखा. आणि त्या हातांवर, दंडांवर, कोपरांत निदान पंधरा पिशव्या! कापडी, नायलॉनच्या, एका शाळेचं दप्तर, दोन स्वेटर, एक पाण्याची बाटली, मधुमेहाच्या गोळ्यांचा डबा. मानेला एक मफलर. तोंड तेवढं दिसत होतं. तोंड माझं होतं. चोवीस वर्षांचं, सरळ नाकाचं, भरपूर केसांचं, आणि समोर कुठेतरी फार दूर बघणारं.

रमाकांतने आम्हाला तिथल्या हास्य मंडळाच्या म्होरक्याकडे नेलं. मुकादमचाचा, म्हसळ्याकडचे, निवृत्त शिक्षक, पांढरी दाढी, हातात वाकड्या मुठीची काठी. सगळी हकीकत ऐकून त्यांनी आधी पुतळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शिक्षक असल्यामुळे हसले नाहीत.

"साहेब, आमच्याकडून बेअदबी झाली," ते म्हणाले. "पण माणूस फार उपयोगाचा आहे. पाऊस असो, काही असो, कधी नाही म्हणत नाही."

"करावेकर त्याला बिनकामाचा म्हणतात."

"जागा चुकली असेल त्यांच्याकडे." मग त्यांनी टाळी वाजवली. "मंडळी, आपापल्या पिशव्या घ्या जरा! मालक आलेत."

लोक एकेक करून आले. पिशव्या निघाल्या, स्वेटर निघाले. एका बाईने मफलर काढताना "सॉरी हां" म्हटलं, ते पुतळ्याला की मला, कळलं नाही. शेवटी चाचांनी त्याच्या डाव्या खांद्यावर अडकवलेली आपली पिशवी उतरवली आणि तो मोकळा झाला. मनगटंही मोकळी. जनाबायचं बरोबर होतं. दोरीविना तो फारच उघडा दिसत होता.

सुमन त्याच्याभोवती फिरली. मी लांबच उभा राहिलो. स्वतःच्या इतक्या जवळ जायचं म्हणजे अवघडच. ती डाव्या बाजूला गेली आणि थांबली.

"अहो, खांद्यावर काय आहे हो हे?"

"तो पट्टा आहे बाई," मुकादमचाचा म्हणाले. "कसला ते माहीत नाही. पण माझी काठी तिथे बरोबर बसते. रोज तिथेच अडकवतो."

मी जवळ गेलो. रंगाचे थर होते, शेवाळाचा डाग होता. पण पट्टा नव्हता. चार बोटं होती. खांद्यावर टेकलेली, जरा वाकलेली, मनगटाशी तुटलेली.

मग मला बापूचं काम आठवलं. दोन पुतळे वेगळे ओतायचे, पण जिथे एकाचा हात दुसऱ्याला टेकतो तिथे जोड दिसू नये, म्हणून टेकणारी बोटं ज्याला टेकतात त्याच्याच साच्यात ओतायची आणि बाकीचा हात नंतर मनगटाशी जोडायचा. "नाहीतर हात ठेवल्यासारखा दिसत नाही रे, चिकटवल्यासारखा दिसतो," असं तो म्हणायचा. म्हणून तिला तिथेच ठेवून मला इथे आणताना हात मनगटातून सुटला. बोटं सुटली नाहीत. ती त्याच्या अंगाचीच होती.

मी सुमनला हे सांगितलं. जेवढं आलं तेवढं सांगितलं.

सुमनने चष्मा वर केला. मग आपला हात उचलून तिने त्या चार बोटांवर ठेवला, बोटावर बोट, मोजल्यासारखा. तिची बोटं पेरभर पुढे गेली.

"लहान हात होता हो तिचा," ती म्हणाली.

मला आठवतच नव्हतं. नलूची हनुवटी, तिचा आवाज, शेडमधला मातीचा वास, सगळं मी बत्तीस वर्षं सांगत आलो, दर वेळी थोडं वाढवून. पण तिचा हात लहान होता की मोठा, हे मी कधीच विसरून गेलो होतो. त्या पुतळ्याने मात्र एवढी वर्षं ते बरोबर जपून ठेवलं होतं, आणि कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

सुमनने हात काढून घेतला, मोबाईल बाहेर काढला आणि मला त्याच्या डाव्या बाजूला उभं केलं. "हसू नका. तो हसत नाहीये." फोटो झाला. लोक आपापल्या पिशव्या घेऊन घुटमळत होते. चालायची वेळ टळत होती. मी म्हटलं, अडकवा, अडकवा, त्याला सवय आहे. एकेक पिशवी पुन्हा चढू लागली.

सगळ्यांत शेवटी मुकादमचाचा आले. काठी हातात धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं, खांद्याकडे बघितलं, आणि अवघडून उभे राहिले.

"अडकवू ना, साहेब?"

"अडकवा चाचा," मी म्हटलं. "पण आजच्या दिवस दुसऱ्या खांद्याला."